धाकट्यांच्या हाती जादूचं शहर देताना

२००९ च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. वनखात्याने त्याला वर काढलं, बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या पुढाकाराने त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडून दिलं. तिथून तो निघाला. वस्त्या, महामार्ग, लोहमार्ग ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालला आणि थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात जाऊन पोचला. वाटेत कुणाला त्याचा फारसा पत्ता लागला नाही. अभ्यासकांनी त्याचं नाव ठेवलं आजोबा. २०११ च्या डिसेंबरात महामार्गावर गाडीची धडक बसून तो गेला. २०१४ साली सुजय डहाके यांनी याच नावाचा चित्रपट काढला.

गजबजलेल्या शहराला चिकटूनच दुसरं एक जग नांदतंय आणि त्याच्या वाटा एखाद्यालाच ठाऊक आहेत: अर्बन फॅन्टसी म्हणतात त्या कादंबऱ्यांचं सगळं भांडवल एवढंच. तिथली जादू सात समुद्रापलीकडच्या राज्यात घडत नाही. ती रेल्वेच्या फलाटावर, लिफ्टमध्ये, पोलीस चौकीत घडते. हॅरी पॉटरची शाळा दूर कुठेतरी असेल, पण तिकडे नेणारी गाडी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनातूनच सुटते. पर्सी जॅक्सनच्या गोष्टीत ग्रीक देव न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या सहाशेव्या मजल्यावर राहतात, आणि त्या इमारतीला प्रत्यक्षात मजले आहेत १०२.

हा लेख अशा पुस्तकांचं वेड लागलेल्या थोरल्यांसाठी आहे. पुण्यात शिकायला किंवा चाकणला नोकरीला असलेले, शनिवारी भोसरीला उभं राहून मंचर-नारायणगावची गाडी पकडणारे जे दादा आणि ताया आहेत, त्यांच्यासाठी. पाठीवरच्या पिशवीत एक कादंबरी असते, डोक्यात ती भरलेली असते आणि घरी धाकटं भावंड असतं. आपल्याला जे आवडलं ते त्याच्या गळी कधी उतरवतो असं होऊन जातं. नेमकं तिथेच थांबा.

आपलं सगळ्यात लाडकं पुस्तक पहिल्यांदा देऊ नका. ते पुस्तक तुमच्या आजच्या वयाचं आहे आणि त्याच्या मागे तुमचं दहा वर्षांचं वाचन उभं आहे. धाकट्याने ते वीस पानांत मिटलं की तुम्हाला राग येणार, त्याला ते कळणार, आणि पुढचं पुस्तक तो तुमची मर्जी राखायला वाचणार. मर्जी राखण्यासाठी केलेलं वाचन फार टिकत नाही.

दुसरी अडचण शहराची. अर्बन फॅन्टसीची गंमत ओळखीच्या जागेत अनोळखी काही निघण्यात आहे. ज्याने लंडन पाहिलं नाही, त्याला लंडनचा साधा रस्ता आणि जादूचा रस्ता दोन्ही सारखेच नवे. मग धक्का बसणार कशाचा? त्यामुळे जादूच्या आधी शहर द्या. यासाठी भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेसारखं दुसरं काही नाही. त्यात जादू औषधालाही सापडत नाही, पण फुरसुंगीचा बनेश पुण्यात शिकायला येतो आणि सायकलवरून शहर पालथं घालतो. गावाकडच्या पोराने शहराच्या पोटात शिरायचं कसं, हे त्याच्याकडून शिकावं. घोडेगावच्या मुलाला पुढे लंडनमध्ये शिरायचं असेल तर वाट पुण्यावरून जाऊ द्या. शक्य असेल तर सुट्टीत त्याला पुण्याला आणा आणि पेठांमधून पायी फिरवा. मॉल दाखवण्यात दिवस घालवू नका. मॉलमध्ये जादूला लपायला कोपराच नसतो.

मुलगा किंवा मुलगी अगदी लहान असेल तर जी. ए. कुलकर्णींचं ‘बखर बिम्मची’ घ्या. ज्या जीएंच्या कथांनी मोठ्यांची झोप उडते, त्यांनीच हे लिहिलंय हे सांगूनही कुणाला खरं वाटत नाही. बिम्म आहे, त्याची बहीण बब्बी आहे, बोलणारी जनावरं-पाखरं आहेत, आणि हे सगळं साध्या घर-अंगणात. भावंडांनी मिळून वाचायला याहून योग्य मराठी पुस्तक मला तरी माहीत नाही. बब्बीची वाक्यं ताईने वाचावीत, बिम्मची धाकट्याने.

दहा-अकराच्या पुढे हॅरी पॉटर. मंजुल प्रकाशनाने ही मालिका मराठीत आणली आहे. पहिल्या भागाचं नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’. मराठी माध्यमातल्या मुलाने तो मराठीत वाचावा, यात कमीपणा काही नाही. ‘इंग्रजीतच वाच, इंग्रजी सुधारेल’ हा सल्ला पुस्तकाचं गाईड करून टाकतो. इंग्रजी सुधारायला दुसरे मार्ग आहेत.

त्याच वयाला, पण इंग्रजी बऱ्यापैकी येत असेल तर रोशनी चोक्सी यांचं ‘अरु शाह अँड द एंड ऑफ टाइम’ (२०१८) जरूर बघा. अमेरिकेत अटलांटा शहरात बारा वर्षांची अरु एका संग्रहालयात राहते, शाळेतल्या मुलांसमोर फुशारकी मारण्याच्या नादात एक दिवा लावते आणि नको ते जागं होतं. पांडवांनी या पिढीत मुलींचा जन्म घेतलाय, अशी कल्पना आहे. रक्ताचं नातं नसलेल्या मुली एकमेकींच्या बहिणी होतात, भांडतात, पुन्हा एक होतात. महाभारत आपल्या घरात आजीकडून आलेलं असल्यामुळे इथे आपलं मूल अमेरिकी मुलापेक्षा दोन पावलं पुढे असतं, आणि असं पुढे असणं त्याला फार वेळा मिळत नाही.

तेरा-चौदानंतर आपल्याकडचा खजिना उघडा. रत्नाकर मतकरींच्या (१९३८–२०२०) गूढकथा मुंबईच्या चाळींत, ब्लॉकमध्ये, ऑफिसांत घडतात. खरी मराठी शहरी अद्भुतकथा म्हणाल तर ती तिथे आहे. त्यांच्याच ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण लहानपणी पाहिलेली असेल तर पुढची ओळख सोपी जाते. नारायण धारप (१९२५–२००८) द्यायचे तर आधी ‘समर्थ’ कथा द्या. तिथे अंधाराशी लढणारा एक भक्कम माणूस उभा असतो, त्यामुळे भीतीला काठ राहतो. ‘लुचाई’ नंतर. हृषीकेश गुप्ते आणखी नंतर, स्वतः वाचून झाल्यावर. बेन अॅरोनोविच यांची ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ (२०११) मला स्वतःला या प्रकारातली सगळ्यात आवडती, पण तिच्यात हिंसा आणि शृंगार दोन्ही आहेत. बारावी होईपर्यंत थांबलं तर बिघडत नाही.

थांबायचं म्हणजे गोष्टही दाबून ठेवायची असं नाही. पुस्तक देता येत नसेल तर सांगा. सांगणं हा वाचून दाखवण्याचा कमअस्सल प्रकार आहे असं समजू नका. ही नारायणगावची माती आहे; भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड इथला, म्हणजे तमासगीर विठाबाईंचे वडील आणि चुलते. तमाशाचा वग पाठ करून उभा राहत नाही, समोरच्या माणसाकडे बघत फुलवावा लागतो. कादंबरी सांगताना तसंच करा. एका वेळी एकच प्रकरण. नावं मूळची ठेवा, बाकी आपल्या बोलीत येऊ द्या. वर्णन कापा, संवाद ठेवा. आणि प्रकरण संपायच्या दोन पानं आधी थांबून पुस्तक त्याच्या हातात द्या: ‘आता तू वाच, मी आईला मदत करून येते.’ इंग्रजी असलं तरी तो ती दोन पानं झुंजून काढतो, कारण पुढे काय झालं हे त्याला हवंच असतं. आठवडाभर पुण्यात असाल तर हे फोनवरूनही जमतं. रात्री जेवणं झाल्यावर पंधरा मिनिटं पुरतात.

सांगण्याची किंमत आपल्याच भागातल्या जुन्या कथेत आहे. सातवाहनांच्या दरबारातला गुणाढ्य सात लाख श्लोकांची बृहत्कथा पैशाची भाषेत लिहितो. राजा ती नाकारतो. मग तो अरण्यात बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवतो आणि अग्नीत टाकतो. ऐकणारी जनावरं चरायचं विसरतात. राजाला हे कळून तो धावत येईपर्यंत एकच लाख श्लोक उरलेले असतात. पुढे अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ लिहिला, तो याच परंपरेतून. आणि ज्या सातवाहनांचा हा दरबार, त्यांचा नाणेघाट जुन्नर तालुक्यात आहे.

नाणेघाटाचं नाव निघालं म्हणून आता मुख्य मुद्द्याकडे. पुस्तक वाचून मिटायचं नाही, त्याचा प्रश्न आपल्या गावाला विचारायचा. अर्बन फॅन्टसी दोघांनी वाचण्याचा खरा लाभ हा आहे, कारण गाव दोघांचं एकच असतं. घाटातल्या लेण्यात सातवाहन घराण्याच्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज मूर्ती नाहीत. भिंतीवर नावं आहेत आणि खाली पावलांच्या खुणा. बाजूच्या भिंतींवर नागनिका राणीचा लेख, त्यात यज्ञांची आणि दानांची यादी. धाकट्याला एवढंच विचारा: पावलं इथे राहिली, मग बाकीची माणसं गेली कुठे? उत्तर तुम्ही देऊ नका.

‘रिव्हर्स ऑफ लंडन’मध्ये टेम्स आणि तिला मिळणाऱ्या नद्या माणसांच्या रूपात वावरतात. त्यातल्या काही नद्या शहराने रस्त्यांखाली गाडल्या आहेत. आपल्याकडे नदीला आई म्हणायला कादंबरीची गरज कधी पडली नाही. विहिरीच्या, डोहाच्या काठी साती आसरांची जागा आजही असते. आता कुकडी, मीना, आर आणि घोड या चौघींना एका घरात बसवून बघा. कुकडी प्रकल्पाने त्यांच्यावर पाच धरणं बांधली: माणिकडोह आणि येडगाव कुकडीवर, वडज मीनेवर, पिंपळगाव जोगे आरेवर, डिंभे घोडेवर. कोण रुसली असेल? कालव्याने खालच्या तालुक्यांत पाणी जातं, त्यावर थोरली काय म्हणेल? पाण्यावरून इथे दर उन्हाळ्यात जे वाद होतात, ते बारा वर्षांच्या मुलाला या खेळातून जितके समजतील तितके बातमीतून समजणार नाहीत.

खोडदची दुर्बीण तर कादंबरीकाराने रचावी अशी जागा आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या, त्यातल्या १४ मधोमध आणि बाकीच्या तीन फाट्यांनी २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. द्राक्षांच्या बागांवरून त्या मान वळवतात आणि आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी ऐकतात. विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास तिथे लोकांसाठी प्रदर्शन असतं. भावंडांनी जोडीने जावं. आधी खरी माहिती ऐकावी, मग बाहेर येऊन खोटी गोष्ट रचावी. हा क्रम उलटा करू नये. खरं जितकं पक्कं ठाऊक असेल, तितकी कल्पना चांगली उभी राहते.

पावसाळ्यात आहुपे-भीमाशंकरच्या रानात कुजक्या लाकडावरची बुरशी अंधारात हिरवट चमकते. तुळजा, लेण्याद्री, मानमोडी अशा जुन्नरच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी खोदलेली आहेत; मानमोडीतल्या एका गटाचं नावच भूतलिंग. एवढी सामग्री हॅरी पॉटरच्या लेखिकेलाही घरबसल्या मिळाली नसेल. फक्त लेण्यांच्या भिंतींवर आपली नावं कोरायची नाहीत. सातवाहनांनी ते काम करून ठेवलंय.

या खेळाला एक हद्द मात्र घालून घ्या. ज्या आंबेगावचं नाव तालुक्याला आहे ते गाव डिंभ्याच्या पाण्यात गेलं; तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. बुडालेलं गाव हा अद्भुत कथेला केवढा मोह! पण तिथून उठलेली माणसं आसपास राहतात. आधी त्यांना विचारा, त्यांचं ऐका, मग ठरवा. आणि ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर कोसळला, त्याची गोष्ट करू नका. सगळं काही कथेसाठी खुलं नसतं, हे धाकट्याला तुमच्याकडूनच कळायला हवं.

भीतीबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण जुन्नर-आंबेगावात अंधार नुसता कल्पनेतला नाही. उसात बिबट्या असतो. माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र जुन्नर तालुक्यात आहे ते उगाच नाही. रात्री धारप वाचून दाखवायचे आणि मग धाकट्याला गोठ्यातला दिवा बंद करायला पाठवायचं, हा विनोद नव्हे, क्रूरपणा आहे. भुताची भीती आणि बिबट्याची भीती त्याच्या मनात वेगवेगळ्या खणात राहू द्या. भुताची भीती हसून घालवायची. बिबट्याची भीती कामाची आहे: अंधारात एकट्याने शेतात जायचं नाही, बॅटरी लागते, मोठ्याने बोलत किंवा गाणी लावून चालायचं, उसाच्या कडेला वाकून बसायचं नाही. वर सांगितलेल्या जागाही दिवसाउजेडी आणि मोठ्या माणसाबरोबरच बघायच्या. चमकणारी बुरशी तर वनखात्याचे नियम पाळून, जाणत्या स्थानिक माणसाबरोबरच. पश्चिमेच्या पट्ट्यातले महादेव कोळी वाघबारस करतात, वाघोबाला नैवेद्य दाखवतात. वाघाशी केलेला हा करारच म्हणायचा. कुठल्याही परदेशी कादंबरीतल्या माणूस-राक्षस तहापेक्षा तो जुना आहे. धाकट्याला तिकडच्या एखाद्या आजोबांकडून ही रीत समजून घ्यायला सांगा.

आता वाटून घेण्याच्या पद्धतीबद्दल. पुस्तक एक आणि वाचणारे दोघे असले की भांडण ठरलेलं. पहिला मान धाकट्याचा, असा नियम करून टाका. तुम्ही पुण्यात दुसरं मिळवू शकता, तो गावात मिळवू शकत नाही. शेवट फोडणाऱ्याला शिक्षा ठरवा आणि ती स्वतःलाही लावा. समासात पेन्सिलीने लिहायची मुभा ठेवा, पण एक वही वेगळी असू द्या, जी शनिवारी घरी आणि सोमवारी पुण्याला जाईल. त्यात त्याने काय वाटलं ते लिहावं, तुम्ही उत्तर लिहावं. ‘काय कळलं?’ हा प्रश्न घरात बंद. तो प्रश्न शाळेत पुरेसा विचारला जातो. आणि त्याला पुस्तक आवडलं नाही, तर नाही. कदाचित तो मोटारींची मासिकं वाचेल. वाचू द्या.

थोरल्यांनी एक इंग्रजी उदाहरण ध्यानात ठेवावं. यॉर्कशायरच्या माळरानावरच्या हॉवर्थ नावाच्या डोंगराळ गावात पुढे लेखक म्हणून गाजलेली ब्राँटे भावंडं वाढली. १८२६ साली वडिलांनी त्यांच्यातल्या ब्रॅनवेलसाठी बारा लाकडी शिपाई आणले. त्यांच्यावरून चौघांनी मिळून काचनगरी नावाचं एक अख्खं शहर रचलं, शिपायांच्या हातात शोभतील इतकी चिमुकली पुस्तकं लिहिली, शिवली. खेड्यात बसून शहर कल्पायचं हे काम आपल्या आधी दोनशे वर्षं झालंय. पण पुढचा भाग महत्त्वाचा. शार्लट आणि ब्रॅनवेल या थोरल्या दोघांचा त्या जगावर ताबा होता. धाकट्या एमिली आणि अॅन काही वर्षांत बाहेर पडल्या आणि त्यांनी स्वतःचं गोंडाल नावाचं वेगळं जग उभारलं. तुमच्या भावंडाने उद्या तुमची कथा सोडून स्वतःची चालू केली, तर वही त्याच्याकडे द्या आणि तुमची नवी घ्या.

पुस्तकं मिळवायची कुठून? पुण्यात अप्पा बळवंत चौकात मराठी सगळं मिळतं; धारपांच्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या साकेत प्रकाशनाने काढल्या आहेत. इंग्रजी पुस्तकं जुन्या बाजारात घ्या, नव्यांच्या किमती विद्यार्थ्याला परवडत नाहीत. ज्यांना वाचनाचा कंटाळा आहे त्यांना मराठी ऑडिओबुकं ऐकवता येतात, एसटीत तर फार छान. पण सगळ्यात आधी गावातल्या किंवा तालुक्याच्या वाचनालयात जा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे राज्यभर अनुदानित वाचनालयं आहेत, आणि ती दरवर्षी नवी पुस्तकं घेतात. काय घ्यायचं हे बहुतेक वेळा मागणीवर ठरतं, आणि मुलांच्या पुस्तकांची मागणी कुणी नोंदवतच नाही. तेव्हा येत्या शनिवारी घरी आलात की धाकट्याला बरोबर घ्या, वाचनालयात जा, आणि त्याच्याच हाताने पाच नावं लिहून ग्रंथपालांकडे द्या.